सात आसनी जुनी गाडी घेताना : आधी कागद, मग काच आणि पत्रा

कामोठे ही सिडकोने वसवलेली आणि आता पनवेल महानगरपालिकेत समाविष्ट झालेली वसाहत. सातारा, सांगली, कोल्हापूरकडून नोकरी-व्यवसायासाठी आलेली असंख्य कुटुंबे येथे स्थिरावली. पहिली पिढी मानसरोवर किंवा खांदेश्वर स्थानकावरून लोकलने ये-जा करीत निवृत्त झाली. मुलांची लग्ने झाली, नातवंडे आली आणि दोन खोल्यांच्या सदनिकेत सहा-सात माणसांचा संसार एकत्र नांदू लागला. अशा घरात सणावाराला, लग्नकार्याला किंवा कुंभोज-बाहुबलीच्या दर्शनाला निघायचे ठरले की पहिला प्रश्न पडतो तो गाडीचा. पाच आसनांच्या गाडीत सात माणसे बसत नाहीत. आणि बसवली, तर त्या दाटीत सर्वाधिक त्रास होतो तो वृद्धांना आणि सर्वाधिक धोका असतो तो मांडीवरच्या बालकाला.

नवी सात आसनी गाडी घेण्याची ऐपत प्रत्येक घराची नसते. त्यामुळे वापरलेल्या गाडीकडे लक्ष जाते आणि ते योग्यही आहे. मात्र हा व्यवहार बहुतेकदा उलट्या क्रमाने केला जातो. आधी रंग आवडतो, मग किंमत ठरते, मग विसार दिला जातो आणि कागदपत्रे सर्वांत शेवटी पाहिली जातात. बँकेत तारण घेताना आम्ही नेमका याच्या विरुद्ध क्रम पाळत असू. घर कितीही देखणे असो, मालकीहक्काचा इतिहास स्वच्छ असल्याशिवाय फाईल पुढे सरकत नसे. जुनी गाडी घेणाऱ्यानेही हाच क्रम धरावा, हे या लेखाचे सांगणे आहे. जुन्या गाडीत आपण लोखंडापेक्षा अधिक तिचा इतिहास विकत घेत असतो.

गरजेचा हिशेब

गाडी पाहण्यास निघण्यापूर्वी कागद-पेन घेऊन अर्धा तास बसावे. वर्षातून किती दिवस पाचापेक्षा अधिक माणसे एकत्र प्रवास करतात, हा आकडा प्रामाणिकपणे लिहावा.

उदाहरणादाखल, ६,५०,००० रुपयांची वापरलेली गाडी घेतली, ती पाच वर्षे वापरली आणि ३,००,००० रुपयांना विकली असे धरू. किंमत घसरल्याचा भार वर्षाला ७०,००० रुपये. हीच रक्कम ७ टक्के व्याजाच्या ठेवीत असती तर मिळाले असते ते ४५,५०० रुपये. विम्यासाठी १८,००० आणि दुरुस्ती, टायर, बॅटरी यांसाठी ३०,००० रुपये धरले, तर इंधनाचा एक थेंबही न जाळता वर्षाचा खर्च १,६३,५०० रुपये होतो.

आता दुसरी बाजू. कामोठ्याहून कोल्हापूरला जाऊन परत येणे म्हणजे सुमारे ७०० किलोमीटर. भाड्याच्या गाडीचा दर किलोमीटरला २० रुपये धरला तर चालकभत्ता वगळून १४,००० रुपये होतात. स्वतःच्या गाडीने लिटरला १४ किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव १०० रुपये धरला तर ५,००० रुपये. टोल दोन्हीकडे सारखाच. म्हणजे एका फेरीत ९,००० रुपये वाचतात. वरील खर्च भरून निघण्यास वर्षाला अशा अठरा फेऱ्या व्हाव्या लागतील.

आकडे प्रत्येकाने आपापले घालावेत; पद्धत हीच ठेवावी. वर्षातून चार-पाच वेळाच सर्वजण एकत्र निघत असतील, तर पाच आसनी लहान गाडी आणि प्रसंगी भाड्याची मोठी गाडी हाच शहाणपणाचा मार्ग. मात्र घरात वृद्ध आजारी असतील, रात्री-अपरात्री रुग्णालय गाठावे लागत असेल, किंवा मुलांची ने-आण रोजची असेल, तर त्या सोयीचे मोल या गणितात मावत नाही. तेथे गाडी घ्यावी. पण हिशेब ठाऊक असताना घ्यावी.

किती वर्षांची गाडी घ्यावी?

विमा कंपन्या गाडीचे मूल्य ठरवताना घसाऱ्याचे एक तयार कोष्टक वापरतात. सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के घट. पाच वर्षांनंतरचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते. मागणी असलेल्या सात आसनी गाड्यांचा बाजारभाव या कोष्टकाइतका वेगाने उतरत नाही, हे खरे. तरीही विक्रेता अवाच्या सवा किंमत सांगत असेल, तेव्हा चालू विमापत्रावरील घोषित मूल्य पाहून बोलणी करणे उपयोगी पडते.

वयाला सुरक्षिततेचीही बाजू आहे. चाके न घसरता ब्रेक लागण्याची ए.बी.एस. यंत्रणा एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींना अनिवार्य झाली. चालकासाठीची एअरबॅग जुलै २०१९ पासून आली आणि २०२२ पासून विकल्या गेलेल्या मोटारींत चालकाशेजारच्या आसनासाठीही ती सक्तीची आहे. प्रदूषणाचे बी.एस.-६ निकष १ एप्रिल २०२० रोजी लागू झाले. या तारखा ध्यानी घेतल्या, तर कुटुंबासाठी २०२० नंतरची, म्हणजे साधारण तीन ते सहा वर्षांची गाडी हा किंमत आणि सुरक्षितता यांचा चांगला मेळ ठरतो. त्याहून जुनी घेतल्यास ए.बी.एस. आणि एअरबॅग आहेत का, हे त्या विशिष्ट गाडीपुरते तपासून घ्यावे. एकाच नावाच्या गाडीच्या स्वस्त आणि महाग प्रकारांत मोठा फरक असे.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षे वैध असते. नंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण करावे लागते. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरील मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झाले, शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. बारा-तेरा वर्षांची गाडी स्वस्त मिळते तेव्हा हा पुढचा खर्च तिच्या किमतीत मिळवूनच पाहावा.

कोणती गाडी?

टोयोटाची इनोव्हा २००५ मध्ये भारतात आली आणि क्वालिसची जागा तिने घेतली. २०१६ पासून तिची क्रिस्टा ही आवृत्ती आली. भक्कम सांगाडा, तिसऱ्या रांगेतही मोठ्या माणसाला बसता येईल अशी जागा आणि दीर्घायुषी डिझेल इंजिन ही तिची कीर्ती. या कीर्तीचीच किंमत मोजावी लागते. जुनी इनोव्हा महाग मिळते. शिवाय पर्यटन-टॅक्सी म्हणून ती फार राबवली जाते, त्यामुळे तिचा इतिहास अधिक काटेकोरपणे तपासावा लागतो.

मारुतीची एर्टिगा २०१२ मध्ये आली, तिची मोठी, सुधारित आवृत्ती नोव्हेंबर २०१८ मध्ये. पेट्रोल आणि सी.एन.जी. दोन्ही प्रकार मिळतात. डिझेल २०२० मध्ये बंद झाले. सुटे भाग तालुक्याच्या गावीही उपलब्ध, कोणत्याही मेकॅनिकला परिचित, आणि पुन्हा विकताना ग्राहक लवकर मिळतो. मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबाला या तीन गोष्टी फार मोलाच्या आहेत. सी.एन.जी. एर्टिगात टाकी मागे असल्याने सामानाची जागा जवळजवळ संपते. सात माणसे आणि त्यांच्या पिशव्या एकत्र जाणार असतील तर छतावरील कॅरिअरचा विचार आधीच करावा.

रेनॉची ट्रायबर २०१९ ची. चार मीटरच्या आतील, तिसऱ्या रांगेची आसने काढून ठेवता येणारी, शहरात उभी करण्यास सोपी. इंजिन मात्र एक लिटरचे, तीन सिलिंडरचे आहे. सात माणसे घेऊन बोरघाट आणि खंबाटकी चढताना ते धापा टाकते, हे समजून घ्यावे. सप्टेंबर २०२५ मध्ये वस्तू व सेवा कराचे दर बदलले, तेव्हा चार मीटरच्या आतील छोट्या इंजिनाच्या गाड्या १८ टक्क्यांत आल्या, तर एर्टिगासारख्या मोठ्या गाड्या ४० टक्क्यांत राहिल्या. त्यामुळे जुन्या एर्टिगाच्या किमतीत नवी, हमी असलेली ट्रायबर मिळते का, ही तुलना आता अवश्य करावी.

महिंद्राची मराझो २०१८ मध्ये नाशिकच्या कारखान्यातून बाहेर पडली. ग्लोबल एन-कॅपच्या त्या वर्षीच्या चाचणीत प्रौढांच्या सुरक्षिततेसाठी तिला चार तारे मिळाले. ट्रायबरला २०२१ मध्ये चार, तर नव्या एर्टिगाला २०१९ मध्ये तीन. मराझो प्रशस्त आहे, पण तिचे उत्पादन थांबले आहे. किआची केरेन्स २०२२ पासूनची. ती तुलनेने नवी असल्याने किंमत वरच्या पायरीवर राहते.

शेव्हरोलेची टवेरा आणि एन्जॉय, होंडाची मोबिलिओ, रेनॉची लॉजी या गाड्या अतिशय स्वस्त दिसतात. जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबवली; मोबिलिओ आणि लॉजीही बंद झाल्या. अशा गाडीचा एखादा दिवा किंवा दरवाजा मिळवण्यास आठवडे लागू शकतात आणि पुढे विकताना गिऱ्हाईक मिळत नाही. खरेदीत वाचलेले पैसे अडचणीत जातात.

इंधनाबाबत दोन गोष्टी. बी.एस.-६ डिझेल गाडीच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती स्वच्छ राहण्यास अधूनमधून सलग, वेगाने लांब प्रवास लागतो. कामोठे ते खारघर एवढीच रोजची फेरी असणाऱ्याने डिझेलच्या वाटेस जाऊ नये. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. मुळात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या आणि १० टक्क्यांसाठी जुळवून घेतलेल्या जुन्या चारचाकींचे मायलेज ६ ते ७ टक्के घटू शकते, असे नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच नमूद होते. जुन्या पेट्रोल गाडीत इंधननळ्या आणि रबरी भाग मेकॅनिककडून पाहून घ्यावेत.

आणि शेवटची चाचणी आजी-आजोबांची. गाडी पाहताना घरातील ज्येष्ठांना सोबत न्यावे, त्यांना दुसऱ्या रांगेत चढ-उतार करू द्यावी. तिसऱ्या रांगेत घरातील उंच व्यक्तीला दहा मिनिटे बसवावे. तेथे पट्टा आहे का, वाऱ्याची झोत पोहोचते का, हे पाहावे. मागे समोरासमोर बाके असलेल्या जुन्या गाड्यांत मुलांना बसवणे टाळावे. आडव्या बाकावर धक्क्याच्या वेळी शरीराला आधार राहत नाही.

कागदपत्रांची परीक्षा

येथे घाई करू नये. केंद्र शासनाच्या वाहन संकेतस्थळावर आणि एम-परिवहन ॲपवर गाडीच्या क्रमांकावरून बरीच माहिती घरबसल्या मिळते.

नोंदणीपत्रावरील चॅसिस आणि इंजिन क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरील क्रमांकांशी अक्षरशः पडताळावेत. मालक कितवा, हे पाहावे. विक्रेत्याचे ओळखपत्र आणि नोंदणीपत्रावरील नाव एकच आहे का? मधल्या कोणाचे नाव नोंदीत चढलेच नसेल तर तो व्यवहार तेथेच सोडावा.

कर्जाचा बोजा हा माझ्या परिचयाचा विषय. नोंदणीपत्रावर एखाद्या बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे हायपोथिकेशन असेल, तर कर्ज फिटल्याचे पत्र पुरेसे नाही. नमुना ३५ भरून तो बोजा परिवहन कार्यालयातील नोंदीतून उतरला पाहिजे. ‘कर्ज फिटले आहे, कागद नंतर देतो’ या वाक्यावर एक रुपयाही देऊ नये.

गाडी पूर्वी टॅक्सी होती का? पिवळ्या पाटीची गाडी रीतसर खासगी करून घेता येते आणि त्यात बेकायदा काही नाही. पण ती बाब लपवलेली नसावी आणि किंमत त्याप्रमाणे उतरलेली असावी.

पासिंग कुठले, हेही महत्त्वाचे. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडील गाड्या स्वस्तात इतर राज्यांत येऊ लागल्या. परराज्यातील गाडी येथे आणताना मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, महाराष्ट्राचा वाहनकर पुन्हा भरावा लागतो आणि नवा क्रमांक घ्यावा लागतो. स्वस्ताईचा बराचसा भाग तेथेच विरतो. पनवेलची एम.एच. ४६ किंवा वाशीची एम.एच. ४३ पासिंगची गाडी मिळाल्यास हेलपाटे वाचतात.

याशिवाय प्रलंबित ई-चलने, पी.यू.सी., आणि १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदलेल्या गाडीस अतिसुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का, हे पाहावे. अधिकृत सेवाकेंद्रातील नोंदींची प्रत मागावी. त्यात प्रत्येक भेटीच्या वेळचे किलोमीटर असतात. आकडा मध्येच मागे गेलेला दिसला तर ओडोमीटरला हात लागला आहे, हे उघड होते.

गाडीची परीक्षा

कागद स्वच्छ निघाले की मगच गाडीभोवती फिरावे, आणि तेही दिवसाउजेडी. आपल्या खाडीलगतच्या भागात दोन गोष्टी विशेष पाहाव्यात : गंज आणि पाणी. खाऱ्या, दमट हवेने तळाचा पत्रा, दरवाजांच्या खालच्या कडा आणि सायलेन्सर गंजतात. गाडी वर उचलूनच ते दिसते. जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूणला पूर आला, तेव्हा अनेक गाड्या पाण्याखाली गेल्या. आपल्याकडील सखल भागांतही पावसाळ्यात उभ्या गाड्यांत पाणी शिरते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून पाहावा. आतल्या भागावर चिखलाची रेघ असेल तर गाडी बुडालेली आहे. आसनाखालील स्क्रू गंजलेले, गालिच्याला कुबट वास, दिव्यांच्या आत वाफ ही त्याचीच लक्षणे. बुडालेल्या गाडीची वायरिंग पुढे वर्षानुवर्षे छळते.

टायरच्या कडेवर चार अंक असतात : पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ‘३२२१’ म्हणजे २०२१ चा बत्तिसावा आठवडा. चाळीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या गाडीत ब्रेकच्या पायपट्टीचे रबर गुळगुळीत आणि स्टिअरिंगची कातडी झिजलेली असेल, तर आकड्यापेक्षा रबरावर विश्वास ठेवावा.

इंजिन थंड असतानाच प्रथम सुरू करावे. आधीच तापवून ठेवलेले असेल तर पुन्हा दुसऱ्या दिवशी जावे. निळा धूर तेल जळत असल्याचे, तर न विरणारा पांढरा धूर पाणी आत शिरत असल्याचे सांगतो. चाचणीला सहा-सात माणसे घेऊन जावे आणि ए.सी. चालू ठेवावा. शीव-पनवेल महामार्गावर वेग आणि एखाद्या उड्डाणपुलाच्या चढावर ताकद पाहावी. रिकाम्या गाडीची चाचणी ही चाचणीच नव्हे. शेवटी आपल्या ओळखीच्या, दलालाशी संबंध नसलेल्या मेकॅनिकला हजार-दोन हजार रुपये देऊन तपासणी करवावी. लाखोंच्या व्यवहारात एवढा खर्च म्हणजे विम्याचा हप्ताच समजावा.

व्यवहार आणि नाव-बदल

वापरलेली गाडी व्यावसायिक विक्रेत्याकडून घेतल्यास वस्तू व सेवा कर लागतो. डिसेंबर २०२४ च्या जैसलमेर येथील परिषदेच्या बैठकीनंतर त्याचा दर १८ टक्के झाला. पण तो पूर्ण किमतीवर नसून विक्रेत्याच्या नफ्यावर असतो. त्याने ६,००,००० ला घेतलेली गाडी ६,६०,००० ला विकली, तर कर ६०,००० वर, म्हणजे १०,८०० रुपये. पूर्ण किमतीवर १८ टक्के मागणाऱ्यास हे शांतपणे सांगावे. एका व्यक्तीने आपली गाडी दुसऱ्या व्यक्तीला विकल्यास हा कर नाही. रक्कम बँकेतूनच द्यावी. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख स्वीकारण्यास आयकर कायद्याने मनाई आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विक्रेत्याने १४ दिवसांत आणि खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयास कळवायचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० लागतात. ‘सही करून ठेवा, नाव सावकाश बदलू’ ही पद्धत किती घातक आहे, ते सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ रोजी नवीनकुमार विरुद्ध विजयकुमार या निकालात दाखवून दिले. तेथे गाडी नाव न बदलता एकापाठोपाठ अनेक हातांत गेली होती आणि २००९ मध्ये तिचा अपघात झाला. न्यायालयाने ठरवले की नोंदीत ज्याचे नाव, तोच मालक, आणि भरपाईची जबाबदारी त्याचीच. गाडी केव्हाच विकून मोकळा झालो असे समजणाऱ्या माणसावर हा भार आला. म्हणून आपली जुनी गाडी विकणाऱ्या वाचकांनीही हे पक्के लक्षात ठेवावे. गाडी व्यावसायिकाकडे सोपवताना तो अधिकृत आहे का, हे पाहावे. एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या नियमांत अशा विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकारपत्र घ्यावे लागते आणि गाडी ताब्यात आल्याची नोंद करावी लागते.

विम्याचेही असेच. गाडीबरोबर तृतीय पक्षाचे संरक्षण आपोआप नव्या मालकाकडे येते, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी असेल तर १४ दिवसांत अर्ज करून विमापत्र आपल्या नावे करून घ्यावे. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस मात्र येत नाही. तो त्याचा असतो, तुमचा नव्हे. तेवढा हप्त्यातील फरक भरावा लागतो. गाडी ताब्यात घेतल्याचा दिनांक आणि वेळ लिहून दोघांनी सह्या कराव्यात, म्हणजे त्या क्षणापर्यंतची चलने कोणाची, यावर वाद राहत नाही.

हे सारे वाचून कोणास वाटेल की एवढी चिकित्सा कोण करील? पण ही चिकित्सा दोन रविवार आणि एक कार्यालयीन दिवस यांत आटोपते. त्यानंतरची पाच-सात वर्षे आपले आई-वडील आणि मुले त्या गाडीत विश्वासाने बसणार असतात. बाजारात गाड्या पुष्कळ आहेत. एक हातची गेली तर दुसरी मिळते. म्हणून ज्या व्यवहारात कागद अपुरा असेल, विक्रेता चाचणी टाळत असेल किंवा ‘आजच ठरवा’ असा तगादा लावत असेल, तेथून नमस्कार करून परत यावे. नकार देण्याची ही तयारी घरूनच घेऊन निघालेला ग्राहक सहसा फसत नाही.